जागेपणाची गोळी

पाटणकर सरांचा क्लास ज्यानं केला, त्याला सरांचा निदान एक टोमणा तोंडपाठ असतोच. गणितात अडलेल्या मुलावर सर कधी आवाज चढवत नसत. चष्मा कपाळावर सरकवून नुसतं म्हणत, "बस बाळ, खाली बस. वडिलांनी फी भरलीय. बाकाला काय, त्याला वजनाची सवय आहे." वर्ग खो खो हसे आणि ते पोरही हसे. पुढं हीच पोरं अमेरिकेहून सुट्टीवर आली की कोथरूडच्या फ्लॅटवर येत, पाया पडत आणि "सर, मला तुम्ही गोगलगाईचा मामा म्हणाला होतात" असं पदक दाखवावं तसं सांगत. माधवराव पाटणकर गालात हसत. आतून चहाचा ट्रे घेऊन उल्का आली की तिच्याकडे हात करून म्हणत, "आणि ही आमची सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी. तीस वर्षं झाली, अजून पहिल्याच धड्यावर आहे."

सगळे हसत. उल्काही हसे. हसली नाही तर पुढचा टोमणा त्या न हसण्यावर येणार, हे तिला ठाऊक होतं.

ती वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. लग्नाआधी एका कॉलेजात शिकवत होती. लग्नाच्या पंगतीत नाव घ्यायचा आग्रह झाला तेव्हा माधवरावांनी जिलबीचा तुकडा हातात धरून सांगितलं होतं, "लोकांकडे लक्ष्मी येते, आमच्याकडे उल्का पडली." तिचे वडीलसुद्धा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ते वाक्य मग सलिलच्या मुंजीत झालं, नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीत झालं, सलिलच्या लग्नात तर माइकवरून झालं. रोजचं वेगळंच. आमटी पानात पडली की, "छान. पोहता येतंय का बघतो." पाहुण्यांसमोर तिनं एखादं मत दिलं की, "हां, हे राहिलंच होतं." त्यांनी कधी हात उगारला नाही, कधी दारूला शिवले नाहीत. बहीण तिला म्हणे, "ताई, किती विनोदी आहेत गं भाऊजी! आमच्याकडे नुसता मुका कारभार." उल्का काय सांगणार? दाखवायला अंगावर वळ नव्हता. हळूहळू तिनं वाक्यं आखूड केली, मग त्यातलीही बरीचशी सोडून दिली.

मग एका सकाळी फळ्यावर गणित मांडता मांडता सरांचा हात बरोबरच्या चिन्हापाशी थांबला तो पुढं जाईना. मुलांना वाटलं, सर गंमत करतायत. सर खाली कोसळले तेव्हा कुणीतरी किंचाळलं. मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, केमोच्या गोळ्या झाल्या. सर्जननं सलिलला बाजूला घेऊन सांगितलं, की गाठ काढलीय, बोलणंही वाचवलंय, पण ही जात परत येणारी आहे. दर तीन महिन्यांनी एमआरआय करायचा आणि काही वेगळं वाटलं की लगेच धावत यायचं. एमआरआय स्वच्छ येत गेले. माणूस मात्र परत आला नाही.

थकवा असा असतो हे उल्कानं कधी पाहिलं नव्हतं. दात घासता घासता माधवराव मध्येच कमोडच्या झाकणावर बसत आणि ब्रश तोंडात तसाच. अंघोळीनंतर टॉवेल उचलवत नसे. ओले, थरथरत उभे राहत, ती पुसेपर्यंत. घास तोंडात धरून झोपी जात. झोपून उठले तरी तो थकवा तिथंच, उशाशी बसून राहिलेला. पेपरातलं शब्दकोडं ते पूर्वी चहा निवायच्या आत सोडवत. आता पहिल्या ओळीवर बोट ठेवून बसत आणि बोट तिथंच राही. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या गाठीच्या पुष्कळ रुग्णांना हे होतं. विश्रांतीनं जात नाही, आणि खात्रीचा उपाय आमच्याकडे नाही.

घर शांत झालं.

पहिले काही आठवडे उल्का दचकून जागी होई, इतकी ती शांतता अंगावर येई. मग सवय झाली. मग गोडी लागली, आणि ती लागलीय हे तिनं स्वतःपासूनसुद्धा लपवलं. ती स्वयंपाक करताना रेडिओ लावू लागली. आमटी पातळ झाली तर पातळ. माधवरावांना ती लहान मुलासारखं भरवी, केस विंचरी, दुपारी त्यांच्या पायांना तेल लावी. एकदा ते अर्धवट झोपेत तिचा हात चाचपत म्हणाले, "उल्का, आहेस ना इथं?" ती म्हणाली, "आहे." त्यांनी तिचा तळवा गालाखाली घेतला आणि पुन्हा झोपले. उल्का हात अवघडून तशीच बसून राहिली. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं ज्याला शेपूट नव्हतं. त्या दुपारी तिला नवऱ्याविषयी जे वाटलं ते लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

रविवारी सकाळी ती वेताळ टेकडीवर जाऊ लागली. तिथं एक गट जमे. बँकेतून निवृत्त झालेले दोघं-तिघं, एक दंतवैद्य, शाळेच्या बाई, संगणकवाली चार तरुण मुलं. टेकडीवरची झाडं ओळखायची, कुठलं मूळचं, कुठलं बाहेरून आणून लावलेलं, असा छंद. उल्का पहिल्यांदा मागं मागं चालली. मग एका गवतावरून वाद झाला तेव्हा तिच्या तोंडून नाव निघून गेलं, कुळासकट. सगळे थांबून तिच्याकडे बघायला लागले. पुढच्या रविवारी तिला पुढं चालायला सांगितलं. घरी सलिलची बायको तेवढ्यापुरती येऊन बसे. उल्का टेकडीवरून उतरायची तेव्हा तिचे कान गरम झालेले असायचे, बोलून बोलून.

सलिलला हे काही दिसत नव्हतं. तो बाणेरला राहायचा, आयटीत होता, शनिवारी यायचा आणि वडिलांच्या पलंगापाशी बसून मोबाइलवर वाचत राहायचा. एका शनिवारी तो चप्पल न काढताच आत आला.

"आई, एक ट्रायल चालू आहे. ब्रेन ट्यूमरच्या पेशंटना सिव्हिअर फटीग असतो ना, त्याच्यासाठीच. मेंदू जागा ठेवणारी गोळी. आणि डॉक्टर कोण माहितीये? शेफाली म्हणून आहे, बाबांची स्टुडंट!"

"त्यांना झेपेल का?" उल्का म्हणाली.

"आई, प्लीज. हे असं पडून राहणं म्हणजे काय जगणं आहे? हे माझे बाबाच नाहीत."

उल्काजवळ जे उत्तर होतं ते देण्यासारखं नव्हतं.

डॉक्टर शेफाली तिशीतली, हसऱ्या चेहऱ्याची होती. माधवरावांना चाकाच्या खुर्चीतून आत आणलं तेव्हा ती उठून उभी राहिली आणि वाकून पाया पडली. "सर, मला तुम्ही शोभेची कुंडी म्हणायचात." सरांनी डोळे किलकिले केले. ओळख पटली की नाही, कळलं नाही. मग तिनं नीट समजावून सांगितलं. निम्म्या रुग्णांना खरं औषध मिळेल, निम्म्यांना दिसायला अगदी तशीच गोळी, पण आत औषध नाही. कुणाला कुठली, हे रुग्णाला कळणार नाही आणि तिलाही कळणार नाही. दर आठवड्याला ती फोन करून विचारेल, मधूनमधून तपासायला यायचं. "आणि काकू, सगळ्यांत महत्त्वाच्या तुम्ही. सर स्वतःचं नीट सांगू शकणार नाहीत. तुम्ही जे सांगाल त्यावर आम्ही चालणार."

खुर्चीतून आवाज आला, जुन्या फळ्यावर खडू ओढल्यासारखा. "म्हणजे आमच्या क्लाससारखंच. निम्म्यांना शिकवायचं, निम्म्यांना नुसतं बसवायचं."

शेफाली टाळी वाजवून हसली. सलिलचे डोळे भरून आले. उल्काही सवयीनं हसली.

गोळ्या सुरू झाल्या. रोज सकाळी चहाआधी उल्का एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेऊन जाई. माधवराव तोंड उघडत. आठवडाभर काहीच झालं नाही. मग एक दिवस ते स्वतः उठून बाल्कनीत जाऊन बसले. दोन दिवसांनी दाढी केली. मग शब्दकोडं मागितलं. मग एका सकाळी उल्का ओट्यापाशी उभी असताना मागून आवाज आला, "कात्रजचं दूध संपलं का, की आता चहात दूध आहे यावर नुसता विश्वासच ठेवायचा?"

तिच्या हातातलं भांडं सुटलं.

"वा," माधवराव म्हणाले, "पडायची सवय नावापासूनच आहे."

सलिल शनिवारी आला आणि वडिलांनी त्याला दारातच "या, पाहुणे" म्हटलं तेव्हा तो आईला कवटाळून रडला. "आई, बाबा परत आले! ही इज बॅक!" शेफालीच्या फोनवर माधवराव स्वतः बोलले. जुने विद्यार्थी यायला लागले. कुणी पेढे आणले. सरांनी आजारपणाचे किस्से रचले. त्यात डॉक्टर होते, नर्सेस होत्या आणि प्रत्येक किश्श्याच्या शेवटी उल्का होती. "मी बेशुद्ध होतो आणि ही माझ्याशी बोलत होती. म्हटलं, ही संधी हिला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळालीय, कशाला उठा." लोकांची हसून पुरेवाट होई. वर्षभर जिभेवर साठलेलं सगळं एकदम बाहेर पडत होतं. रेडिओ बंद झाला, कारण त्यांना आवाज सहन होत नसे. आमटी पुन्हा मोजली जाऊ लागली. एकदा ती त्यांच्या पायांना तेल लावायला बसली तर म्हणाले, "पुरे. मी मेलेलो नाही अजून, लोणचं घालायला."

तिनं बाटलीचं झाकण लावलं. तो गाल, ती हातावरची दुपार, ते सगळं आजाराचं होतं, माणसाचं नव्हतं, हे तिला त्या क्षणी कळलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी माधवराव टेकडीवर येतो म्हणाले. "बघू तरी, आमच्या पश्चात तुम्ही काय राज्य केलंत ते." सलिलनं गाडीनं वरपर्यंत सोडलं. गटातल्या लोकांनी त्यांना हातोहात घेतलं. दंतवैद्य त्यांचाच विद्यार्थी निघाला. त्या दिवशी उल्का टेकडीवरच्या काट्याच्या झाडांविषयी सांगणार होती. तयारी केलेली होती. ती बोलायला लागली, आवाज सुरुवातीला कापला, मग लागला. हिवराची आणि बाभळीची फुलं कशी वेगळी ओळखायची ते सांगताना तिची गडबड झाली आणि तिनं एकाचा रंग दुसऱ्याला दिला. लगेच लक्षात आलं, दुरुस्त करायला तिनं तोंड उघडलं.

"राहू दे गं," माधवराव दगडावर बसून म्हणाले. मोठ्यानं नाही, त्यांना मोठ्यानं बोलावं लागतच नसे. "मंडळी, हिच्या भरवशावर राहू नका. हिनं आयुष्यात एकच झाड लावलं, घरात, कुंडीत. ते प्लास्टिकचं होतं आणि तेही वाळलं."

दंतवैद्याला हसू आवरलं नाही. मग बँकवाले हसले, शाळेच्या बाई तोंडाला पदर लावून हसल्या, ती तरुण मुलं "सर, ग्रेट आहात" म्हणत हसली. हसण्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. उल्का त्यांच्याकडे बघत उभी होती. घर तर कधीच त्यांचं होतं. ही एक जागा तिची होती आणि ती तिच्या डोळ्यांदेखत गेली. पुढचा अर्धा तास माधवरावच बोलले. झाडांविषयी त्यांना काही माहीत नव्हतं. कुणाला त्याची उणीव भासली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उल्कानं पाण्याचा पेला भरला, चाचणीची गोळी पाकिटातून काढली आणि बेसिनमध्ये नळाखाली धरली. गोळी विरघळायला वेळ लागला. मग तिनं स्वतःच्या कॅल्शियमच्या गोळ्यांतली एक घेतली. ती तशीच पांढरी, गोल, किंचित जाड होती. माधवरावांनी तोंड उघडलं, गोळी घेतली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आज पाणी कोमट का? अंघोळ घालायचा विचार आहे?"

ती म्हणाली, "उद्या गार देते."

चार-पाच दिवसांत ते मावळायला लागले. आधी दुपारची झोप परत आली. मग शब्दकोड्यावर बोट थांबू लागलं. कुणी विद्यार्थी आला तर सर अर्ध्या किश्श्यावर डोळे मिटत आणि तो पोरगा ओशाळून उठे. उल्काला वाटलं, काम झालं. तिनं रेडिओ हळू आवाजात लावून पाहिला. कुणी काही बोललं नाही. तिला लाज वाटली आणि त्या लाजेला न जुमानता बरंही वाटलं. ती स्वतःला समजावी, की यात विष नाही, इजा नाही. आधी होते तसे शांत होतील, एवढंच. मी त्यांचं सगळं करीन. पूर्वीपेक्षा जास्त करीन.

शेफालीचा फोन आला. "काकू, सर कसे आहेत?"

"छान आहेत," उल्का म्हणाली.

"बोलायला देता?"

"आत्ताच फिरायला गेलेत."

"अरे वा!" शेफाली खरंच खूश झाली. खरं सांगितलं असतं तर त्यांनी बोलावलं असतं, रक्त तपासलं असतं, गोळीचं पितळ उघडं पडलं असतं. सांगायचा प्रश्नच नव्हता. पुढच्या आठवड्यातही तिनं तेच सांगितलं. सलिल तेव्हा बायकोला घेऊन ऑफिसच्या कामासाठी जर्मनीला गेला होता. व्हिडिओ कॉलवर त्याला झोपलेले बाबा दिसत. "आज जरा जास्त फिरले," उल्का सांगे.

पण हे आधीसारखं नव्हतं. ते तिच्या ध्यानात येत होतं आणि ती ते येऊ देत नव्हती. पूर्वी माधवराव थकून गप्प असत; आता बोलायला जात आणि शब्द सापडत नसे. "ते दे," म्हणत. "ते... ते गं, पाणी प्यायचं." पेला समोर असायचा. उजव्या हातातून चमचा निसटायचा. एकदा सदऱ्याची बटणं लावता येईनात म्हणून ते बराच वेळ आरशासमोर उभे राहिले आणि उल्का मागून बघत राहिली. ज्या माणसाचा शब्द आयुष्यात कधी हुकला नाही तो "बटण" या शब्दासाठी तोंड हलवत होता. तिच्या मनात आलं, आता कळलं? शोधा. ते मनात आल्याबरोबर ती पुढं झाली आणि तिनं बटणं लावली. पण आलं होतं, हे खरं.

एका सकाळी माधवरावांनी गोळी तोंडात घेण्याआधी तिचं मनगट धरलं. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. ती तिनं ऑपरेशनच्या दिवशीही पाहिली नव्हती.

"डोकं," ते म्हणाले. "बरं नाही. तिला... त्या कुंडीला... सांग."

"शेफालीला सांगते," उल्का म्हणाली.

दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं, "सांगितलं?"

"सांगितलं. म्हणाल्या, असं होतं. विश्रांती घ्या."

त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला. दुसरं करणार काय होते? त्या आठवड्यात एमआरआयची तारीख होती आणि चाचणीसाठी तपासायलाही जायचं होतं. उल्कानं फोन करून सांगितलं, सरांना सर्दी झालीय, जरा बरी झाली की येतो. पुढच्या वेळी सांगितलं, सलिल आला की येतो.

सलिल परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, नाश्त्याच्या टेबलावर, पोह्यांचा घास घेताना माधवरावांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. उजवा हात ताठ झाला, मग सगळं अंग झटके द्यायला लागलं. बशी फुटली. सलिल "बाबा, बाबा" ओरडत त्यांना धरू लागला. उल्का भिंतीला टेकून उभी राहिली. मी केलं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. गोळी काढली म्हणून झालं, मी केलं.

हॉस्पिटलमध्ये झटके थांबवले, तपासण्या केल्या. मेंदू जागा ठेवणाऱ्या औषधानंही फिट येऊ शकते, म्हणून सरांना कुठली गोळी चालू होती ते चाचणीच्या गुप्त नोंदींतून तातडीनं उघडून बघणं भाग पडलं. दुपारी शेफालीनं दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. तिचा चेहरा उतरलेला होता.

"गोळीचा संबंध नाही," ती म्हणाली. "सरांच्या गोळीत औषध नव्हतंच."

उल्काला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "नव्हतं म्हणजे?"

"नुसती गोळी, काकू. पहिल्या दिवसापासून. मधे जी तरतरी आली ती सरांची स्वतःचीच. होतं असं कधी कधी. आशा लागते, लोक भेटायला येतात, माणूस उठून बसतो. आम्हाला कारण नेमकं सांगता येत नाही." तिनं पडद्यावर एमआरआय दाखवला. उल्काला त्यातलं काही कळत नव्हतं, पण पांढरं काय आणि किती, ते दिसत होतं. "गाठ परत आलीय. पलीकडच्या बाजूला गेलीय. आता ऑपरेशन होणार नाही."

"पण मागचा स्कॅन क्लीन होता," सलिल म्हणाला.

"हो. म्हणूनच काही आठवड्यांपूर्वी कळलं असतं तर बघता आलं असतं. कदाचित दुसरं ऑपरेशन. खात्री नाही देत मी. पण काहीतरी." शेफाली उल्काकडे वळली. तिच्या स्वरात आरोप नव्हता, ती खरोखरच कोड्यात पडली होती. "काकू, शब्द अडणं, हातातून वस्तू पडणं, असं काहीच दिसलं नाही का? फोनवर तुम्ही नेहमी छान म्हणायचात."

सलिलनं आईकडे पाहिलं.

"दिसलं नाही," उल्का म्हणाली.

बेसिनमध्ये विरघळवलेल्या गोळ्या पिठाच्या होत्या. कॅल्शियमनं काही बिघडवलं नव्हतं; माधवराव मावळत होते ते गाठीमुळं. तिनं जे केलं असं तिला वाटत होतं, ते तिनं केलंच नव्हतं. आणि "छान आहेत" हे दोन शब्द, जे तिला गोळीपुढं अगदी किरकोळ वाटले होते, त्यांनीच काम केलं होतं. सलिल बाहेर जाऊन रडला. मग आत येऊन त्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी काय चूक, आई? तू एकटी किती बघणार?" तिनं त्याचा हात तसाच राहू दिला.

माधवरावांना घरी आणलं. मेंदूची सूज उतरावी म्हणून त्यांना स्टेरॉइड चालू केलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यानं झोप उडते आणि भूक वाढते. तसंच झालं. बोलणं गेलं होतं, उजवं अंग गेलं होतं, पण डोळे उघडे. सकाळी उघडे, दुपारी उघडे. उल्का जाई तिकडे ते डोळे जात. ती ओट्यापाशी गेली तर दारातून मागं येत, कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेली तर काचेतून. त्यांत राग आहे की भीती, की नुसतंच बघणं, तिला सांगता येईना. वर्षभर ज्याला झोप आवरत नव्हती त्याला आता झोप म्हणून येत नव्हती.

विद्यार्थी भेटायला येत. पलंगापाशी बसून सरांचेच टोमणे सरांना ऐकवत, मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसे, आणि हसता हसता डोळे पुसत. जाताना उल्कासमोर हात जोडत. "काकू, सरांचं तुम्ही जे केलंत ते दुसऱ्या कुणालाही जमलं नसतं." टेकडीवरचे लोकही येऊन गेले. दंतवैद्य म्हणाला, "सरांमुळे त्या दिवशी काय मजा आली होती." तिनं त्यांना चहा दिला.

माघातली एक दुपार होती. सलिल औषधं आणायला गेला होता. उल्का मऊ भात कालवून पलंगाच्या कडेला बसली. एक घास भरवला, दुसरा भरवला. डोळे तिच्यावर रोखलेले. तिसरा घास हातात असताना ती बोलली. तिनं ठरवलेलं नव्हतं.

"मी सांगितलं नव्हतं."

माधवराव बघत होते.

"डॉक्टरांना. तुम्ही सांग म्हणालात. दोनदा विचारलंत. मी सांगितलंच नाही. छान आहेत म्हणाले." तिचा आवाज टेकडीवर लागायचा तसा स्वच्छ लागला होता. "तुमचे शब्द जात होते, ते मला दिसत होतं. मी बघत होते. तुम्ही गप्प व्हावं, एवढंच मला हवं होतं."

त्यांचा चेहरा हलला. डाव्या गालाचा स्नायू ओढला गेला, ओठ पुढं आले, घशातून घरघर झाली. उल्का पुढं वाकली. आता येईल. काहीही येऊ दे. जे वाक्य ती तीस वर्षं टाळत आली होती, त्याची ती आता जीव कानात आणून वाट बघत होती. निदान एकदा त्यांनी तिला योग्य तेच म्हणावं, असं तिला वाटलं. लोकांसमोर म्हणावं. सलिलसमोर म्हणावं.

"म्हणा," ती म्हणाली. "काय म्हणायचं ते म्हणा."

ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली आणि हनुवटीवर उतरली. तिनं ती पदरानं पुसली. माधवरावांनी मोठ्ठं तोंड उघडलं.

मग तिला कळलं, त्यांना भूक लागली होती. तोंड तसंच उघडं होतं आणि डोळे आता तिच्यावर नव्हते, भाताच्या वाटीवर होते.

तिनं हातातला घास त्यांच्या तोंडात ठेवला. ते चावू लागले.